नायिका बेळगावला पोचली, पुढं काय लिहू?

वडगावची शिवणवाली
माझं वय 54. बेळगावातल्या वडगावात ब्लाऊज-परकर शिवते. दोनशे पानी दोन वह्यांत एक कादंबरी लिहिलीय, तिसरी वही अडलीय. नायिका इथल्याच उचगावकडची, दिलेली हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. नवरा मारतो. बारा वर्षं काढल्यावर एका पहाटे ती लेकीला घेऊन शिनोळीपर्यंत चालत येते आणि गाडी धरून बेळगाव गाठते. इथवर सरसर आलं, कारण निम्मं माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. तिच्या पाठीवरचे वळ मी स्वतः शेकलेत. काळ मात्र आत्ताचा घेतलाय.

दिराच्या मुलानं वाचलं. म्हणाला, "काकू, नवऱ्याला पश्चात्ताप होऊ दे, नाहीतर तिचं दुसरं लग्न लाव. त्याशिवाय संपणार कसं?" मला दोन्ही पटत नाही. पण पुढं लिहायला बसले की दिसतं ते एवढंच : तिनं मागवाल्याकडं सुताच्या कांड्या भरल्या, भाडं दिलं, पोरीला शाळेत घातलं. माराची पानं पुरली नाहीत आणि निवाऱ्याची चार होईनात. म्हणून कोर्टाची तीन प्रकरणं घातलीत. केस चंदगडला, दर तारखेला तिला त्याच रस्त्यानं परत जावं लागतं. जमेल का हे?

काळा कोट
अक्का, केसचं तेवढं बदला. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम 27 आहे. बाई जिथं राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं तिला अर्ज करता येतो. तुमच्या नायिकेनं बेळगावातच करावा. वकिलाचे पैसेही लागत नाहीत. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, ते लांबलेलंच दाखवा.

आणखी एक. आपल्याकडं जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि खाली सही मराठीत होते. आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट बाईनं तोंडानं सांगितलेली असते आणि कागदावर काय उतरलं ते तिला वाचता येत नाही. कुणीतरी तो तिला मोठ्यानं वाचून, मराठीत सांगतंय, असा प्रसंग लिहा. मी हे बऱ्याचदा केलंय. आपलंच बोलणं परत ऐकताना बायका पहिल्यांदा रडतात.

पास-पास
कंडक्टर आहे, तिकिटाचं सांगतो. 11 जून 2023 पासून कर्नाटकच्या साध्या सरकारी गाड्यांत बायकांना फुकट प्रवास आहे, पण ओळखपत्रावर इथला पत्ता लागतो. लग्नानंतर तुमच्या नायिकेचं आधार सासरच्या पत्त्यावर गेलं असणार, म्हणजे महाराष्ट्र. एसटीत बायकांना निम्मं तिकीट, तेही त्यांच्या हद्दीपर्यंतच. जी बाई पहाटे पैसे मोजून निघते, तिला हे फार लागतं. पुढं कधीतरी आधारवर वडगावचा पत्ता येईल, ती उचगावला माहेरी निघेल आणि शून्याचं तिकीट हातात पडेल. असली तिकिटं घडी घालून पर्समध्ये ठेवणाऱ्या बायका मी बघितल्यात.

दोन कड्या
मी निघून आलेली आहे. नवऱ्याला पश्चात्ताप अजिबात देऊ नका. माझ्या आईनं दोनदा ओटी भरून मला परत धाडलं, ते अशाच गोष्टींच्या भरवशावर.

काही घडत नाही म्हणता? खोलीत आल्यावर सात महिने मी दोन्ही कड्या लावून वर दाराला वरवंटा टेकवून झोपायची. एका सकाळी उठले तर वरवंटा ओट्याखालीच. रात्री ठेवायचा विसरले होते. मी तिथंच खाली बसले. त्या दिवशी कामाला गेले नाही. तुमच्या वहीत एवढ्यालाच एक प्रकरण द्या.

वडगावची शिवणवाली
तुम्हा तिघांचं रात्री बहिणीला वाचून दाखवलं. "अजून तेच लिहूलालीस व्हय?" म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली. वरवंट्याचं ऐकून तिनं मान हलवली, पण काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कोर्टाची तिन्ही प्रकरणं काढून टाकतेय. जबाब वाचून दाखवायचा प्रसंग मात्र घालणार.

मग बहिणीला तिचं कुलूप आठवलं. कांड्यांच्या पहिल्या पगारातून शहापुरात जाऊन आणलेलं. त्याला दोन किल्ल्या होत्या. एक तिनं पदराला बांधली. दुसरी कुणाकडं द्यायची हे तिला दोन दिवस कळेना, कारण आजवर घराची किल्ली तिच्याकडं कधी नव्हतीच. शेवटी मला आणून दिली. ती माझ्या मशीनच्या खणात अजून आहे, बॉबिनच्या डबीत. तिसरी वही तिथून सुरू करते.