दुकानात बिलिंगच्या मशिनी आल्यात, बेळगावातल्या नोकऱ्यांचं काय होणार?

शहापूरकर_९८

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा हाय, सांभाळून घ्या. आमची ताई टिळकवाडीकडं एका मोठ्या दुकानात बिलिंगला हाय, नाव सांगत नाही, उगीच तिला त्रास नको. सात वर्षं झाली तिला. दिवाळीच्या आधी तिथं चार मशिनी बसवल्या, गिऱ्हाईकानंच एकेक सामान दाखवायचं, क्यूआर मारायचा नि पिशवी उचलून चालू लागायचं. आधी बिलिंगला नऊ जणी होत्या, आता पाच. पण काढलं कुणालाच नाही बघा. एकीचं लग्न झालं, एक गोव्याला गेली, दोघींनी आपणहून सोडलं, आणि त्या जागा परत भरल्याच नाहीत. म्हणजे रजिस्टर बघितलं तर नोकरी कुणाचीच गेली नाही!

मी बीकॉम केलंय. सरांनी सांगितलेलं की मशीन आलं की जुनी कामं जातात, नवी येतात, शेवटी सगळं जुळतं. ते जुळताना मला काय दिसंना झालंय. चार पगार कमी झाले, साखर काय एक रुपयानं स्वस्त झाली नाही, मग हे पैसे गेले कुठं? आणि ताईनं आत्ताच टॅली (कॉम्प्युटरवरचा हिशेब) वगैरे शिकून घ्यावं का थांबावं? सीमाप्रश्न आणि भाषा ह्याच्यावर गाडी नेऊ नका प्लीज, त्याला दुसरे धागे हायत.

खडेबाजार_कौंटर

बावीस वर्षं कापडाच्या दुकानात काढलीत म्हणून सांगतो. तुमच्याकडं मशीन आलं म्हणून माणसं गेली, आमच्याकडं असलं काय मशीन नाही तरी गेलीच की. मी लागलो तेव्हा गल्ल्यावर मालक, शेजारी बिलं लिहिणारा, हिशेबाला दिवाणजी आणि गादीवर आम्ही अकरा जण, लग्नसराईत वर दोन-तीन पोरं जास्तीची, चंदगड-खानापूरकडची. कॉम्प्युटर आला, बिलं लिहिणारा गेला. २०१७ ला जीएसटी आला, दिवाणजीला ते काय जमेना, घरी बसला बिचारा, आता एक टॅलीवाला पोरगा आठवड्यातनं एकदा येतो, तोच अजून पाच दुकानं बघतो. मग तो पेमेंटचा डबा आला, इतके रुपये आले म्हणून कन्नडमधनं ओरडतोय दिवसभर. गल्ल्यावर मालकाला विश्वासाचा माणूस लागायचा, आता डबाच विश्वासाचा.

सध्या गादीवर सहा. पण गोव्याचं, सावंतवाडीचं गिऱ्हाईक अजून बस्ता बांधायला बेळगावलाच येतंय, पंधरा-वीस माणसं एका गाडीत. त्यात नवरीची आत्या हमखास रुसलेली. तिला कुठली साडी पुढं करायची, किंमत आधी सांगायची का हातात दिल्यावर, चहा कधी मागवायचा, हे मशिनीला कोण शिकवणार? शंभर साड्या उलगडायच्या आणि परत अशा घडी घालायच्या की कुणी हात लावलाय असं वाटू नये. हे काम हाय तोवर आम्ही हाय. साबण, पावडर, बिस्किट, जिथं गिऱ्हाईक पाकीट बघूनच घेतंय, तिथं माणसाचं काय खरं नाही.

खानापूर_रोड

शहापूरकर, तुमच्या सरांनी सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. जुळतं कधी ते बघायला पाहिजे. अमेरिकेत एटीएम आले तेव्हा एका शहरी शाखेत साधारण २० कॅशियर असायचे ते १३ वर आले, १९८८ ते २००४ च्या दरम्यान, तरी एकूण कॅशियर घटले नाहीत कारण शाखा चालवणं स्वस्त झालं आणि बँकांनी चाळीस टक्क्यांच्या वर शाखा वाढवल्या. म्हणजे वाचलेले पैसे परत धंद्यात गेले. आता तुमच्या ताईच्या मालकानं वाचलेल्या चार पगारातून हिंडलग्याला दुसरं दुकान काढलं का? नसेल काढलं तर जुळायचं कसं.

दुसरं असं की सगळी मशिनी एका मापाची नसतात. वडगाव-शहापूरच्या हातमागाच्या जागी पॉवरलूम आले तेव्हा लोकांचे हाल झालेच, पण त्याच वेळात कापड कितीतरी पट निघायला लागलं, स्वस्त झालं. बिलिंगच्या मशिनीत काय वाढलं? तीच पिशवी, तेवढाच वेळ, फक्त ताईच्या जागी गिऱ्हाईक उभं, ते पण बिनपगारी. डॅरॉन असेमोग्लू म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहेत, २०२४ चं नोबेल मिळालं त्यांना, ते आणि पास्कुअल रेस्ट्रेपो ह्याला जेमतेम कामाचं तंत्रज्ञान अशा अर्थानं म्हणतात, आणि दुकानातलं सेल्फ चेकआउट, म्हणजे हीच गिऱ्हाईकानं बिल करायची मशिनी, हे असेमोग्लूंचं नेहमीचं उदाहरण. माणूस हटतो पण उत्पादकता एवढी वाढत नाही की बाकीच्यांना स्वस्ताई मिळावी किंवा नवीन कामं निघावीत. तुमची साखर स्वस्त झाली नाही ती ह्यामुळंच. पैसे थोडे मालकाकडे राहिले, थोडे मशीनवाल्याकडे गेले. तो मशीनवाला काय गणपत गल्लीत येऊन भाजी घेणार नाही, त्या चार पोरी घेत होत्या.

तो ९७ टक्क्यांचा आकडा कुणीतरी इथं टाकणारच म्हणून आधीच सांगतो. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बर्न यांनी ७०२ व्यवसाय तपासले, त्यात कॅशियरचं काम मशीनकडे जायची शक्यता ९७ टक्के काढली. पण ते फक्त तांत्रिकदृष्ट्या जमेल का एवढंच, मालकाला परवडेल का ते त्यात नाही. बेळगावात अकरा-बारा हजारात माणूस मिळतो म्हणून मशिनी इतकी वर्षं आल्या नाहीत. आता आल्या त्या यूपीआयमुळं असं माझं मत. नोटा घेऊन सुट्टे परत देणारं मशीन महाग आणि रोज बिघडणारं, क्यूआर दाखवायला नुसता स्क्रीन आणि स्कॅनर पुरतो. यूपीआय २०१६ चं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २००० कोटींच्या वर व्यवहार झाले. बारकोड तर १९७४ पासून आहे, ओहायोत च्युइंगमच्या पाकिटावर पहिल्यांदा स्कॅन झाला, पण पैसे घ्यायला माणूस लागतच होता, तो अडसर इथं आत्ता निघाला.

आणि आपल्याकडे ही बेकारी बेकारी म्हणून दिसत नाही. पोरगी घरी बसली तर सर्वेवाल्याला सांगते शेतात मदत करते. सरकारच्या रोजगाराच्या सर्वेत (पीएलएफएस) एकूण काम करणाऱ्यांपैकी शेतीतले २०१८-१९ ला ४२.५ टक्के होते, २०२३-२४ ला ४६.१ झाले. ही वाढ दुकानांमुळं झाली असं मी म्हणत नाही, कोविड आहे, बाकी बरंच आहे. पण दुकानातून गेलेली माणसं मोजताना कुठे लपतात ते ह्यावरनं कळेल.

वडगावची_अक्का

एवढं मोठं वाचताना माझी जेवणाची सुट्टी संपली 😀

मी असल्याच मशिनीपाशी उभी असते, दुसऱ्या दुकानात. चार मशिनीला मी एकटी. लोकांना वाटतं मशीन आपापलं चालतंय. सकाळी दहापासून, अक्का हे काय दाखवंना, अक्का ह्याचे पैसे दोनदा लागले. कोथिंबिरीच्या जुडीला बारकोड कुठला? ती मीच लिस्टमध्ये शोधून टाकते. वजन जुळलं नाही की लाल दिवा, मग माझं कार्ड लावून बंद करायचा, दिवसातनं किती वेळा ते मोजत नाही मी. परवा एक आजोबा आलेले हलग्याचे, स्क्रीनवर मराठी नाही म्हणून पिशवी तिथंच ठेवून माझ्यापुढं उभे, सगळं मीच स्कॅन केलं. मागं रांग. आणि सामान कमी भरलं तर बोलणी मला, मशिनीला कोण बोलतंय. बिलिंगला होते तेव्हा निदान स्टूल होतं, इथं नऊ तास उभं.

आमच्यातल्या निम्म्या पोरी बाहेरगावच्या. जून २०२३ ला शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट झाली तेव्हा खानापूर तालुक्यातल्या पोरींना अकरा हजार पगार परवडायला लागला, नाहीतर दीड हजार तिकिटालाच जायचे. शिनोळीची एक होती, आधार महाराष्ट्राचं, तिला रोज तिकीट. पहिली तीच सोडून गेली, आणि तिची जागा भरली नाही. मशीन आणि बस दोन्ही मिळून गेली म्हणायची तिची नोकरी. आमच्या भिशीत तिचे महिन्याला हजार होते, आता भिशी नऊ जणींची.

ताईला सांगा टॅली शिकच, पण नोकरी सोडून नको.

उद्यमबाग_टर्नर

सगळे काय रडूलाय बे. आमच्याकडं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आली तेव्हा पण हेच. लेथवरचे म्हातारे म्हणायचे आता संपलं. जे शिकले ते आज प्रोग्रॅम टाकून तीन मशिनी बघतात, पगार दुप्पट. डिलिव्हरीला जावा, गाडी हाय न्हवं घरात? रोज पोरं पाहिजेत म्हणून बोर्ड लावलेले असतात.

गोवावेस_रायडर

टर्नर अण्णा, जे शिकले नाहीत ते कुठं हायत ते पण सांगा की. मी डिलिव्हरीच करतो. गाडी माझी, पेट्रोल माझं, टायर माझा, पावसात मोबाईल गेला तर तो पण माझाच. हातात बरं पडतंय, खोटं बोलत नाही, पण पीएफ नाही, आजारी पडलो तर आयडी बंद. कर्नाटकानं २०२५ ला गिग कामगारांचा, म्हणजे आमच्यासारख्या ॲपवर काम करणाऱ्यांचा, कायदा केलाय, रायडरला देतात त्या पैशावर १ ते ५ टक्के कंपनीकडनं कल्याण निधीला घ्यायचे असं त्यात हाय, नोंदणी तेवढी करून ठेवा जे कोण करत असाल ते. आणि रात्री साडेदहाला अनगोळच्या पुढं पार्सल घेऊन जायला कुणाची ताई घरातनं पाठवताय?

खानापूर_रोड

टर्नर, सीएनसीचं उदाहरण चांगलं आहे पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथं माल वाढला, अचूक झाला, बाहेरच्या ऑर्डरी आल्या, म्हणून पगार वाढला. अक्कांच्या मशिनीवर काय वाढलं, लाल दिवे. इंग्लंडमध्ये बूथ्स म्हणून सुपरमार्केट आहेत, त्यांनी २०२३ मध्ये जवळपास सगळ्या दुकानांतून असली मशिनी काढून परत माणसं उभी केली. आपल्याकडे तसं होईल असं नाही, इथले मालक माणसं परत घेतील का ह्याची मला शंकाच आहे.

खडेबाजार_कौंटर

आमच्या मालकानं हे वाचू नये म्हणजे झालं 🙏

शहापूरकर_९८

सगळ्यांचे आभार. ताईला सगळं वाचून दाखवलं. स्टुलाचं ऐकून म्हणाली आमच्यात पण काढलंय की, मला वाटलं आमच्यातच. मशिनीपाशी उभं राहायला तिला पण विचारलंय म्हणे, पगार तोच. ती अजून हो म्हणाली नाही. अक्का, वडगावात टॅलीचा क्लास कुठला बरा आणि फी किती घेतात ते सांगा, ताईला सोमवारी सुट्टी असते, त्या दिवशी जाऊन येईल म्हणते.