सनस्क्रीन, घाम आणि आपण: तुमचे अनुभव लिहा

डॉक्टर म्हणतात रोज लावा, चेहऱ्याला दोन बोटांभर घ्या, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावा. कबूल. पण आपल्या उकाड्यात हे जमवता कसं? जाहिरातीतलं नको, स्वतःचं सांगा.

ताकभात : अंधेरी ते चर्चगेट, तेही उभ्याने. क्रीम असेल तर दादर यायच्या आत ते घामासोबत डोळ्यांत उतरतं आणि असं झोंबतं की बोलायची सोय नाही. आता गालांना जेल, कपाळाला स्टिक. भुवयांच्या वर हात आखडता.

संत्रानगरी : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. दुपारी गाडीवर निघायचं तर आधी सनस्क्रीन, मग स्कार्फ, गॉगल, हातमोजे. नुसत्या क्रीमच्या भरवशावर कोणी निघत नाही बा.

वांगवाली : बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. झिंक ऑक्साइडवालं लावलं की गिरणीतून पीठ उडून आल्यासारखा चेहरा! सासूबाई रोज विचारायच्या, "पावडर जास्त झाली का गं?" त्वचेच्या डॉक्टरांनी टिंटेड दिलं. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते दिसणारा उजेडही अडवतं आणि वांगाला त्या उजेडाचाही त्रास होतो म्हणे. रंग सावळ्या कातडीत मिसळतो. डाग गेले नाहीत, पण फिकटले.

खिडकीशेजारी : टॅक्सी चालवतो. उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा. पुढची काच यूव्हीए (कातडी काळवंडवणारे अतिनील किरण) बरंच अडवते, बाजूची तेवढं नाही, आणि माझी तर उघडीच. आता पूर्ण बाह्या.

पांढरासदरा : कॉलरवर गंजासारखे पिवळे डाग कुणाला पडतात का? आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे. सनस्क्रीनमधलं एव्होबेन्झोन नावाचं रसायन त्याच्याशी जुळलं की कपड्याची वाट. ब्लीच अजिबात घालू नका, डाग आणखी गडद होतो. लिंबू चोळून बघा.

धागाकर्ती : एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे अतिनील किरण) अडवतं, ५० सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजून वर मटारच्या दाण्याएवढंच लावायचं, हा कुठला हिशेब? स्वस्तातलं घ्या, पण भरपूर लावा. पाकिटावर पीए+++ मात्र बघा, ती यूव्हीएपासून बचावाची खूण.

कोकणी माणूस : दाढीवाल्यांनी काय करायचं?

ताकभात : जेलच. क्रीम दाढीत अडकतं आणि ऑफिसात सगळे विचारतात, सकाळी दही खाल्लं का.