अनुभव धागा: वर्गात मुलांचं लक्ष टिकवण्यासाठी तुम्ही काय करता?

नाशिक आणि आसपास शाळा, ज्युनिअर कॉलेज, क्लास, कुठेही शिकवत असाल तर इथे जरूर लिहा. ‘हल्लीची मुलं’ हा विषय नको. वर्गात प्रत्यक्ष काय केलंत आणि त्याने काय फरक पडला, तेवढं सांगा. पालकांनीही लिहावं.

सुरुवात मी करते. पंचवटीत नववीला विज्ञान शिकवते. शाळेत मोबाईलला बंदीच आहे, पण रात्री उशिरापर्यंत रील्स बघून आलेली मुलं पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात. नुसती बंदी घालून लक्ष येत नाही, त्या जागी मुलांना काहीतरी काम द्यावं लागतं. म्हणून हजेरी झाली की फळ्यावर कालच्या धड्यावरचे तीन प्रश्न. पुस्तक मिटून लिहायचं, मार्क नाहीत. परवाचा प्रश्न होता, ‘मैदानाला एक फेरी मारून त्याच जागी आलात, तर विस्थापन, म्हणजे निघालेल्या जागेपासूनचं सरळ अंतर, किती?’ दोघी एकमेकींच्या वहीत डोकावून भांडायला लागल्या, मी भांडू दिलं. विषय विस्थापनाचाच होता ना! मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रयोगातून दाखवलं होतं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे असतात. मला ते वर्गात रोज दिसतं.

सातपूर, ज्युनिअर कॉलेज, कॉमर्स
आमच्याकडे मोबाईल खिशातच असतो. सायलेंटवर असला तरी थरथरला की हात तिकडे जातो. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की एकदा लक्ष उडालं की पुन्हा अभ्यासावर यायला २० मिनिटांपर्यंत लागू शकतात. म्हणजे निम्मं लेक्चर गेलंच. मी सगळ्या बॅगा मोबाईलसकट फळ्याखाली ठेवायला लावतो आणि मुद्दाम न जुळणारा ताळेबंद लिहितो. यंत्रसामग्रीतून घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा केलेला, पण नफा-तोटा खात्यात दाखवलेलाच नाही. ‘सर, बेरीज जुळत नाही’ असं कुणीतरी ओरडेपर्यंत मी गप्प राहतो. मग सगळा वर्ग चूक शोधायला लागतो.

निफाड तालुका, जिल्हा परिषद शाळा
आमच्या मुलांकडे स्वतःचा फोन नसतो, वडिलांचा असतो. ते पहाटेच द्राक्षबागेत गेलेले, फोन संध्याकाळी घरी येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गृहपाठ व्हॉट्सॲपवर सुरू झाला तो नंतरही चालूच राहिला, आणि गृहपाठाच्या नावाखाली फोन मुलांच्या हातात. आम्ही शिक्षकांनी बसून ठरवलं, गृहपाठ फळ्यावर, मुलांच्या वहीत. पालकांनी आभारच मानले.

इंदिरानगर, पालक
वरच्या निफाडच्या पोस्टला शंभर टक्के अनुमोदन. आमच्या मुलीच्या शाळेतून रात्री नऊला ग्रुपवर पीडीएफ येतात आणि पालकसभेत सांगतात, मोबाईल देऊ नका. आम्ही काय करायचं?

गंगापूर रोड, अकरावी-बारावी फिजिक्स
माझं मत थोडं वेगळं आहे. मी मोबाईल वर्गात वापरतो, पण ठरवून. एक मीटर दोऱ्याला नट बांधून लंबक करायचा, फोन फ्लाइट मोडवर, फक्त स्टॉपवॉच चालू. २० आंदोलनं मोजायची. वेळ साधारण ४० सेकंद येते, म्हणजे एका आंदोलनाला दोन. त्यावरून g, म्हणजे गुरुत्व त्वरण, काढायचा. ९.८ च्या जवळ उत्तर आलं की मुलं पुन्हा मोजून बघतात, या वेळी दोरा आखूड करून. तेवढा वेळ एकाचंही बोट दुसऱ्या ॲपवर जात नाही.

देवळाली कॅम्प, दहावी
सर, हे ३५ मिनिटांच्या तासात कसं बसवता? आमचे निम्मे तर दोरे बांधण्यातच जातील.

गंगापूर रोड
मॅडम, प्रात्यक्षिकाचा जोडतास मागून घ्या. दोरे आदल्या दिवशीच मापून, नट बांधून ठेवायचे. चार-चार जणांचे गट करा, एकाने मोजायचं, एकाने वेळ घ्यायची, दोघांनी लिहायचं. रिकामं कुणालाच ठेवू नका.