विनोदी विज्ञान-श्रुतिका: खोडदच्या थाळ्या, चार वाया गेलेले मित्र आणि विश्वाचा शेवट. शास्त्र आणि आवाज कसे बसवायचे?

राहुटी

मंडळी, पंचवीस मिनिटांची श्रुतिका लिहायला घेतली आहे. जागा नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी मोठमोठ्या थाळ्यांनी टिपणारी दुर्बीण. काळ चैत्राचा, नारायणगावात फडांच्या राहुट्या लागलेल्या आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला आलेली. पात्रं चार, चौघंही घरादाराने ओवाळून टाकलेली. सुपारी न मिळालेल्या फडाचा ढोलकीवाला गजा. संवाद विसरणारा सोंगाड्या बाळू. आवाराबाहेर खाण्याची गाडी लावणारी इंदूमावशी, जी मायक्रोवेव्ह थांबायच्या आत दार उघडते. आणि सुट्ट्या पैशांवरून आयुष्यभर भांडलेले एसटीचे निवृत्त कंडक्टर तांबेकाका.

संकट असं: अवकाशाची स्थितीच बदलून टाकणारी एक भिंत प्रकाशाच्या वेगाने पृथ्वीकडे येते आहे. ती प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्याला सर्वांत जवळचा तारा ओलांडते तेव्हा दुर्बिणीत "प्यूंऽऽ" असा इशारा येतो. मग हे चौघे दुर्बिणीतूनच उलटा संदेश पाठवून तिला थोपवतात.

विचारायचं आहे ते असं. यात ढोबळ चुका कुठे आहेत? शास्त्र समजावताना विनोद कसा टिकवायचा? आणि घरच्या घरी आवाज कसे काढायचे?

मध्यमंडल

कल्पना फार आवडली, म्हणून सविस्तर लिहितो. चार ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, वेग. भिंत नेमकी प्रकाशाच्या वेगाने आली तर इशारा आणि भिंत एकाच क्षणी पोचतील आणि श्रुतिका सुरू होण्याआधीच संपेल. वेग प्रकाशाच्या 99.9 टक्के ठेवा. त्या 0.1 टक्क्यातच सगळं नाट्य आहे आणि तो तांबेकाकांच्या हवाली करा. बाकीचे म्हणतात, "शंभरच धरा हो." काका म्हणतात, "दहा पैसे कसे सोडू?" त्या दहा पैशांवर विश्व वाचतं. त्यांचा स्वभाव आणि तुमचं शास्त्र एकाच आकड्यात बसतात.

दुसरं, तारा. प्रॉक्सिमा खोडदहून दिसणार नाही. तिची क्रांती (आकाशातलं अक्षांश) दक्षिण 62.7 अंश, खोडदचं अक्षांश उत्तर 19.1. म्हणजे ती फार तर 8 अंश वर येते आणि जीएमआरटीच्या थाळ्या 17 अंशांच्या खाली झुकत नाहीत. त्याऐवजी भुजंगधारीतला बर्नार्डचा तारा घ्या. अंतर 5.96 प्रकाशवर्षं, क्रांती उत्तर 4.7 अंश. चैत्रात तो रात्री बाराच्या सुमारास थाळ्यांच्या टप्प्यात येतो आणि सकाळी नवापर्यंत राहतो. वगाचीही वेळ तीच, त्यामुळे गजा आणि बाळू जागे असण्याला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

आता हिशोब. प्रकाशाला 5.96 वर्षं लागतात, भिंतीला त्याहून सुमारे 52 तास जास्त. इशारा ऐकल्यापासून हातात तेवढाच वेळ. लगेच संदेश सोडला तर तो आणि भिंत साधारण 26 तासांनी समोरासमोर येतात, व्हॉयेजर 1 यान आज आहे त्याच्याही थोडं पलीकडे. तिथून उत्तर परत यायला आणखी 26 तास. म्हणजे उत्तर आणि भिंत जवळजवळ बरोबरच पोचायची. फरक पडतो तो त्या 0.1 टक्क्याचा, 94 सेकंदांचा. विश्व वाचलं की गेलं हे या चौघांना जेमतेम दीड मिनिट आधी कळणार! ही दीड मिनिटं पूर्ण वाजू द्या, एक सेकंदही कापू नका. संदेश दहा तास उशिरा सुटला तर 94 चे 76 होतात, तेव्हा बाळूच्या गोंधळापायी वेळ गेला की काकांना प्रत्येक वेळी नवा आकडा सांगू दे.

तिसरं, संदेश पाठवणं. जीएमआरटी फक्त ऐकते, तिच्यात प्रक्षेपक नाही. पण तुमच्याकडे इंदूमावशी आहे! ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीत 1998 पासून काही गूढ स्पंद नोंदले जात होते. ओव्हन चालू असताना कुणीतरी दार उघडतं तेव्हा ते उमटतात, हे 2015 मध्ये सिद्ध झालं. मावशीची खोड म्हणजे तुमचा प्रक्षेपक. ओव्हन थाळीच्या नाभीपाशी, म्हणजे लहरी एकवटतात त्या जागी, न्यायला हवा. 45 मीटर व्यासाची थाळी आणि तिच्या तळापासून नाभी साधारण साडेअठरा मीटरवर, म्हणजे चढाचढीचा एक धमाल प्रसंग आयताच मिळतो. ओव्हनची तरंगलांबी 12 सेंटीमीटर. थाळीची जाळी 21 सेंटीमीटरच्या लहरींपर्यंतचा विचार करून बांधलेली, त्यामुळे बरीच ऊर्जा इकडेतिकडे सांडेल. सांडू दे. भिंतीला तो संदेश कळतो हे एकच खोटं ठेवा आणि त्याला शेवटपर्यंत हात लावू नका. दुसरं खोटं आलं की ऐकणारा आकडे मानायचं सोडून देतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. पात्रांना ओव्हनची पेटी खोलायला लावू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरतो आणि ऐकणारी मुलं अनुकरण करतात.

थाळी आडव्या दिशेत मिनिटाला 30 अंशच फिरते. अर्धं वर्तुळ म्हणजे सहा मिनिटं. तेवढ्यात एक आख्खी बतावणी होते.

तोडा

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी, कारण "प्यूंऽऽ" हा आवाज इथे चुकतो आणि ती चूकच तुम्हाला मधला पेच मिळवून देते.

रेडिओ स्पंद अवकाशातल्या विरळ आयनद्रव्यातून (विद्युतभारित वायूतून) येताना वरच्या वारंवारिता आधी पोचतात, खालच्या मागून. फार लांबून आलेला स्पंद 1400 मेगाहर्ट्झला ऐकू आल्यानंतर 700 ला तीनेक सेकंदांनी येऊ शकतो. म्हणून तो "प्यूंऽऽ" असा उतरतो. सहा प्रकाशवर्षांवरून आलेल्या स्पंदात हा फरक एक-दोन मिलिसेकंदांचा, कानाला नुसतं "टक". पार्क्समधले ओव्हनचे स्पंद मात्र उतरते होते, म्हणून तर तज्ज्ञही फसले. तेव्हा खरा इशारा "टक" आणि ओव्हन "प्यूंऽऽ". सगळे "प्यूंऽऽ"च्या मागे धावतात आणि एकटा गजा म्हणतो, "हा नाही. तो मघाचा, ढोलकीच्या शाईवर बोट पडल्यासारखा."

ध्वनी: "प्यूंऽऽ"साठी लोखंडी स्लिंकी, म्हणजे पायऱ्या उतरणारी खेळण्यातली स्प्रिंग, घ्या. एक टोक कागदी पेल्याच्या तळाला चिकटवा, स्प्रिंग तीनेक मीटर ताणा, दुसऱ्या टोकाजवळ चमच्याने टिचकी मारा आणि माइक पेल्याच्या तोंडाशी धरा. तारेतही उंच स्वर आधी पोचतात, म्हणजे खरं भौतिकच ऐकू येतं. वेटोळी जमिनीला टेकली की आवाज मरतो, दोन खुर्च्यांमध्ये टांगा. "टक"साठी ढोलकीच्या शाईवर एकच कोरडा ठोका, पुढचा नाद हाताने दाबलेला.

पडघम

फक्त लेखन आणि मुद्रणाबद्दल.

पंचवीस मिनिटांना संवाद 2800 शब्दांच्या वर नेऊ नका, मिनिटाला 120-125 शब्द धरून ध्वनी आणि विराम त्यात बसतात. शास्त्र सांगायला वेगळा निवेदक नको. बतावणीचा साचा वापरा: काका सांगतात, बाळू प्रत्येक शब्द शब्दशः घेतो. "भिंत येतेय." "वीट कुठली?" बाळूचे प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनातलेच असले पाहिजेत, नाहीतर तो नुसता वेंधळा वाटतो.

श्रुतिकेत जो बोलत नाही तो तिथे नसतो. पाचसहा वाक्यांत एकदा तरी प्रत्येकाचा आवाज यावा, मग तो मावशीच्या झाऱ्याचा का असेना. पहिल्या दोन मिनिटांत चौघांनी एकमेकांना नावाने हाक मारावी. बाळू आणि गजाचे आवाज सारखे असतील तर एकाला भरभर बोलायला लावा, नुसता स्वर बदलून भागत नाही.

माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे "प" आणि "फ" फुटत नाहीत. सर्वांत मोठी आरोळी मुद्रणाच्या मीटरवर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खोलीची शांतता मिनिटभर वेगळी मुद्रित करून ठेवा. त्या 94 सेकंदांखाली तीच हवी; नुसती कोरी जागा ठेवलीत तर ऐकणाऱ्याला फाइल बिघडली असं वाटेल.

राहुटी

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रॉक्सिमा काढली, बर्नार्ड घातला, "टक" गजाला दिला. एक शंका: 94 सेकंदांत चौघांनी बोलावं की गप्प राहावं?

पडघम

पहिली साठेक सेकंदं काकांना मोजू द्या, मोठ्याने, दर दहा सेकंदांनी. मावशी आणि बाळू मध्ये मध्ये बोलू देत. शेवटच्या तीसात फक्त गजाला ऐकू येण्यासारखं काही आहे, म्हणून त्याच्याखेरीज कुणी बोलू नये. उत्तराचा "टक" 94 व्या सेकंदाच्या दोन सेकंद आधी ठेवा, भिंत थांबून दीड मिनिटाने उत्तर देते असं धरून.