टोकियोत किराणा: कणीक, डाळी, भाज्या, मासे नेमके कुठून घ्यायचे?

नवी_चूल
पुढच्या महिन्यात टोकियोला किबा भागात (तोझाई लाइन) राहायला येतोय. चौघांचं घर. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही; बाकीचे मासे खातो. गाडी नाही, फ्रीज लहान. तूरडाळ, कणीक, पोहे, ज्वारीचं पीठ, कोथिंबीर-मिरची कुठून घ्यावी? सगळं भारतीय दुकानातूनच घ्यावं लागतं का? आणि भारतातून काय आणायलाच हवं? "तिकडे सगळं मिळतं" असं जो तो सांगतो, पण कुठे ते कोणी सांगत नाही.

कासाईकर
किबा म्हणजे चांगली जागा मिळाली. निशी-कासाई तिथून तिसरं स्टेशन. स्वागत, अंबिका ही दुकानं तिथेच आहेत. तूर, मूग, उडीद, पोहे, रवा, हिंग, आटा, सगळं एका फेरीत होतं. फक्त गाडी बघून चढा: तोझाईची "काइसोकु" म्हणजे जलद गाडी किब्याला थांबते, पण तोयोचोनंतर थेट उरायासूला. चुकून बसलात तर उरायासूहून दोन स्टेशनं मागे या.

अंबिकाचं कुरामाएलाही दुकान आहे. मोन्झेन-नाकाचोला ओएदो लाइन पकडली की सरळ तिथे.

पण दर आठवड्याला जाऊ नका. डाळ-पीठ महिन्यातून एकदा, तेही कुरियरने मागवा. बहुतेक भारतीय दुकानं ऑनलाइन ऑर्डर घेतात आणि ठरावीक रकमेच्या पुढे डिलिव्हरी फुकट असते, त्यामुळे एखाद्या शेजारणीबरोबर मिळून मागवणं परवडतं. यामातो या कुरियर कंपनीचा माणूस सकाळी, किंवा दुपारी 2 ते 4, 4 ते 6, 6 ते 8, 7 ते 9 अशा वेळांत येतो, ऑर्डर देतानाच वेळ निवडायची. दहा किलोचं पोतं लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर त्याने चढवलेलं बरं.

चिंचगूळ
कणकेबद्दल थोडं सविस्तर, कारण नवीन माणूस हमखास तिथे फसतो. जपानी सुपरमार्केटात पिठाचे तीन मुख्य प्रकार: हाकुरिकिको (प्रथिनं साधारण 8 टक्के, केकचं), चूरिकिको (9 च्या आसपास, उदोन नूडल्सचं) आणि क्योरिकिको (12 च्या आसपास, पावाचं). तिन्ही म्हणजे मैदाच. "झेनर्यूफुन" कोंड्यासकट असतं, पण त्याची पोळी गार झाली की कडक होते. आपला आटा जात्यावर दाबून दळलेला असतो, त्यात स्टार्चचे कण फुटतात, म्हणून तो पाणी जास्त धरतो आणि पोळी मऊ राहते. इथलं पीठ रोलरवर दळतात, ते पाणी कमी धरतं. आटा भारतीय दुकानातूनच घ्या. अडलंच तर दोन वाट्या झेनर्यूफुन, एक वाटी हाकुरिकिको, कोमट पाणी, चमचाभर तेल, आणि भिजवून किमान अर्धा तास झाकून ठेवा.

आणखी एक: "किनाको" दिसायला थेट बेसन. ते भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आहे. त्याचं पिठलं होत नाही.

मोदकांसाठी "जोशिन्को" घ्या, ते साध्या तांदळाचं पीठ. "मोचिको" आणि "शिरातामाको" चिकट तांदळाची, त्यांची उकड हाताला चिकटून वैताग आणते. जोशिन्कोला पाणी पिठाच्या बरोबरीने घ्या, पण शेवटचा घोट हातचा राखून ठेवा, कारण जपानी तांदूळ मुळातच चिकट.

गूळ: ओकिनावाचा "कोकुतो" उसाचाच, फक्त चव जरा काकवीसारखी जड. पाकिटावर "काको कोकुतो" असेल तर त्यात दुसरी साखर मिसळलेली असते, ते नको. चिंचगुळाच्या आमटीत खरा कोकुतो झकास लागतो. पुरणपोळीला मात्र भारतीय गूळच.

कासाईकर
झेनर्यूफुनवर इतकी मेहनत कशाला? निशी-कासाईत आट्याची पाच किलोची पिशवी मिळते. मोठी आणू नका, कारण खाली पावसाळ्याचं सांगतो.

जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत "त्सुयु". दमटपणामुळे रवा, पोहे, पीठ यांत किडे होतात. कपाटात ठेवलेल्या उघड्या पाकिटात पिठातले सूक्ष्म कोळीही वाढतात, आणि ज्यांना त्यांची ॲलर्जी असते त्यांना असलं पीठ खाऊन गंभीर त्रास झाल्याच्या घटना जपानी डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. उघडलेलं पीठ हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये. लहान फ्रीज असेल तर खरेदीचं माप फ्रीजच ठरवतो.

पालेभाजी
भाज्यांना भारतीय दुकान लागत नाही. सुपरमार्केटात आणि गल्लीतल्या "याओया"कडे (भाजीवाला) वांगी, कोबी, गाजर, मुळा, पालक (होरेन्सो), कोमात्सुना ही पालेभाजी, उन्हाळ्यात भेंडी आणि कारलं (गोया) आरामात. याओया सुपरपेक्षा स्वस्त पडतो, पण तिथे बऱ्याचदा रोख द्यावी लागते. कोमात्सुना लसूण-मिरचीवर परता, पालकापेक्षा तुरट कमी आणि देठ कुरकुरीत. "काबोचा" (जपानी भोपळा) लाल भोपळ्यापेक्षा गोड आणि कोरडा, त्यात गूळ घालू नका. "मोयाशी" म्हणजे लांब, पाणचट मोड. उसळीला किंवा मिसळीला उपयोग नाही; मूग-मटकी घरीच मोड आणा.

मिरची हा खरा प्रश्न. "शिशितो" मिरचीसारखी दिसते पण तिखट नसते (एखादीच निघते, आणि तीही पाहुण्याच्याच ताटात). तिखट हिरवी मिरची "आओतोगाराशी" उन्हाळ्यात मिळते, इतर वेळी फ्रोझन. कोथिंबीर "पाकुची" नावाने लहानशा पाकिटात महाग. जुडी हवी असेल तर दोन ठिकाणं:

शिन-ओकुबो: तोझाईने ताकादानोबाबा, तिथून यामानोते लाइनीवर एकच स्टेशन. स्टेशनातून बाहेर पडलं की उजवीकडे कोरियन दुकानं, ती सोडा. डावीकडे रस्ता ओलांडून समोरच्या गल्लीत हलाल दुकानांची रांग, तिला "इस्लाम योकोचो" म्हणतात. बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी दुकानदार. मसाले, डाळी, बासमती, कोथिंबीर, फ्रोझन खवलेलं खोबरं. शनिवार-रविवार दुपारी कोरियन खाऊसाठी आलेल्या गर्दीने फुटपाथ भरतो, स्टेशनचा दरवाजा एकच, सकाळी जा.

उएनोचा आमेयोको बाजार: निहोम्बाशीला गिन्झा लाइन धरा. आमेयोको सेंटर बिल्डिंगच्या तळघरात थाई-चिनी भाज्या आणि मासळी, तिथे कोथिंबीर मिळते. जवळच ओओत्सुया हे जुनं मसाल्यांचं दुकान, मोहरी-जिरं किलोने मिळतं. सुपरमार्केटातल्या दहा-पंधरा ग्रॅमच्या बाटल्या घेऊ नका.

शेपू-मेथीची आशा सोडा. मेथी कुंडीत मेथ्यांपासून उगवते.

नवी_चूल
खूप आभार! सासूबाईंसाठी पाकिटं कशी तपासू? जपानी वाचता येत नाही. आणि पनीर-दही?

चिंचगूळ
फोनच्या कॅमेऱ्यातलं भाषांतर ॲप वापरा, पण ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. दूध, अंडं, गहू, शेंगदाणा तिथे दिसेल. "कात्सुओ" (सुक्या माशाचा अर्क) त्या यादीतच नाही. पूर्ण घटकांची यादी वाचा. "दाशी" (सूपचा अर्क) दिसली की मासा आहे असंच धरा, अनेक मिसोंतही (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) ती आधीच घातलेली असते. "पोर्क एकिसु", "चिकिन एकिसु" (एकिसु म्हणजे अर्क), "झेरातिन" (जिलेटिन), "रादो" (डुकराची चरबी) हे शब्द ओळखून ठेवा. चिप्सच्या "कोन्सोमे" चवीत बहुधा मांसाचा अर्क, पावात कधी रादो, आणि जपानी करीच्या बऱ्याच तयार वड्यांत गाय-डुकराची चरबी.

साधं दही सुपरमार्केटातलंच चांगलं असतं, त्याचंच विरजण लावा. गोड, फळांच्या दह्यांत जिलेटिन बघा. दूध "सेइबुन मुचोसेइ" (घटकांत फेरफार न केलेलं) लिहिलेलं घ्या. पनीरसाठी मात्र "तेइओन साक्किन" दूध. नेहमीचं दूध 120-130 अंशांवर दोन-तीन सेकंद तापवतात, त्याचं छेना भुसभुशीत होतं आणि वडी नीट धरत नाही. तेइओन म्हणजे साधारण 65 अंशांवर तीस मिनिटं, त्याची वडी घट्ट बसते. तूप बिनमिठाच्या लोण्याचं कढवा. 200 ग्रॅम लोण्यातून दीडशे ग्रॅमच्या आसपास मिळतं.

सुका_जवळा
माशांवर कोणी बोललंच नाही. सावारा ही सुरमईची चुलत बहीण, मांस नरम, जास्त शिजवलं की विस्कटतं. साबा म्हणजे बांगडाच म्हणा, पण तेलकट. "शिओसाबा" आधीच खारवलेला, आमटीत मीठ घालण्याआधी चव बघा. रोहू, हिल्सा शिन-ओकुबोच्या बांगलादेशी दुकानांत फ्रोझन.

मासळी विभागात अख्खा मासा घेतला की बहुतेक सुपरमार्केटं फुकट कापून देतात. "सान्माइ ओरोशी" म्हणालात तर काटा काढलेले दोन पट्टे मिळतील, कालवणाला निरुपयोगी. आपल्याला हव्यात आडव्या तुकड्या, त्यासाठी "त्सुत्सुगिरी". डोकं हवं असेल तर तेही सांगा, नाहीतर टाकून देतात.

कासाईकर
बॅगेचं राहिलं. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, आमसुलं आणा, ही इथे नक्की मिळतील असं धरू नका. ज्वारीचं पीठ नको: निशी-कासाईत मिळतं, फक्त पॅकिंगची तारीख बघा, शिळ्या पिठाची भाकरी चिरते, तसं झालं तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. ताजा कढीपत्ता, फळं, मिरच्या, बियाणं भारतातल्या तपासणी प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. मटण-चिकनचं काहीही, लोणचंसुद्धा, आणू नका. आमसुलांसारख्या वाळवलेल्या गोष्टी सामानाच्या पट्ट्याजवळ, कस्टमच्या आधी, "शोकुबुत्सु केनएकी" (वनस्पती तपासणी) काउंटर असतो तिथे स्वतःहून दाखवा. मसाले कंपनीच्या सीलबंद पाकिटात असू द्या.

आणि कुठल्याही दुकानात स्वतःची पिशवी न्या, 2020 पासून प्लास्टिक पिशवीचे पैसे लागतात. किमतीच्या पाटीवर दोन आकडे असतील तर लहान आकडा कराशिवायचा. खाण्याच्या वस्तूंवर 8 टक्के वर धरा.