अनुभव धागा: मल्टीटॅप, फोर स्कोर आणि तिसऱ्या-चौथ्या भिडूची सोय

मंडळी, जुन्या व्हिडिओ गेमवर आपलं बरंच बोलून झालंय, काँट्राचा तीस लाइफवाला कोड, कॅसेट फुंकल्यावर खरंच चालते का, चौसष्ट गेमच्या कॅसेटमध्ये खरे गेम किती, सगळं. पण दोनाच्या वर माणसं जमली की काय करायचं हा विषय कायम राहून जातो. तर ज्यांनी ज्यांनी कन्सोलला तीन, चार, पाच रिमोट जोडणारे अडॅप्टर, म्हणजे मल्टीटॅप, वापरलेत त्यांनी लिहा, कुठं मिळाला, कुठल्या गेमला चालला, कुठं तोंडघशी पडलात. "आमच्याकडं नव्हता" हाही अनुभव धरला जाईल, भारतात बहुतेकांचा तोच असणार.

एक आधीच सांगून ठेवतो. अडॅप्टर लावला म्हणून कुठलाही गेम चौघांचा होत नाही. गेम लिहिणाऱ्यानं तिसऱ्या रिमोटची चौकशी करणारा कोड टाकला असेल तरच. काँट्रा दोघांचा होता, दोघांचाच राहणार.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी न्यू जर्सीत असतो, इथं शनिवारी लोक गॅरेजसमोर टेबल टाकून जुनं सामान विकतात त्यात एकदा निन्टेन्डोचा फोर स्कोर मिळाला. १९९० सालचा माल, चपटा काळपट डबा, त्याच्या दोन वायरी कन्सोलच्या दोन्ही पोर्टात जातात आणि वर चार पोर्ट. बरोबर स्विचपण आहेत, ए आणि बी बटनाच्या टर्बोचे (बटन धरून ठेवलं की आपोआप पटापट दाबलं जातं) आणि दोन का चार खेळाडू ते ठरवायचा. माझ्याकडं गॉन्टलेट टू होता म्हणून घेतला. त्यात चौघं मिळून भुताखेतांच्या भुयारात शिरतात आणि पडलेलं खाणं एकानं खाल्लं की बाकीचे उपाशी. आमच्याकडं दर वेळी खाणं माझा मेहुणाच खातो, आणि वर म्हणतो की मला दिसलंच नाही तुझं हेल्थ कमी झालंय ते. चौघांचं भांडण बघायला पाचवा माणूस बसवावा अशी परिस्थिती.

लिहा पटापट.

सोल्डरवाला, इचलकरंजी

आमच्याकडं फोर स्कोर कुठला राव, आमच्याकडं टीव्ही गेम म्हणजे फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी कन्सोलची, कॉपी, लाल-पांढरा डबा, आणि पुढच्या बाजूला बंदूक लावायचा पंधरा पिनांचा पोर्ट. ती बंदूक बदकं मारायला. बंदूक दोन म्हैन्यात बंद पडली आणि मग तो पोर्ट धूळ खात बसला.

तर मुद्दा असाय की जपानमधल्या मूळ फॅमिकॉमला दोन्ही रिमोट डब्यालाच कायमचे जोडलेले, काढता येत नाहीत, म्हणून तिसरा-चौथा रिमोट त्यांनी ह्याच पंधरा पिनांच्या पोर्टातनं आत घेतला. अमेरिकेतला निन्टेन्डो वेगळ्या पद्धतीनं करतो, तिथं पहिल्या रिमोटची आठ बटनं वाचून झाली की त्याच वायरीवरनं तिसऱ्याची आठ येतात आणि शेवटी आठ बिटांची एक खूण, की बाबा मी फोर स्कोर आहे. जपानी पद्धतीत तिसऱ्या रिमोटला वेगळी डेटा वायर. म्हणजे आपण जिथं बंदूक खुपसत होतो तिथं तिसरा भिडू बसू शकत होता आणि लहानपणी हे कुणीच सांगितलं न्हाई.

कॉलेज झाल्यावर जुना डबा माळ्यावरनं काढला आणि बघायचं ठरवलं. मोडक्या रिमोटातल्या पाच वायरी घ्यायच्या, पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. वायरींच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका, कॉपीवाले हाताला येईल तो रंग लावतात, मीटर लावूनच बघायचं. डेटा तेरा नंबरच्या पिनेला. जपानी कुनिओचा मैदानी स्पर्धांचा एक गेम आहे, पळापळी, मारामारी, अडथळे, तो चौघांचा आहे. त्यात तिसरा गडी हलला तेव्हा मी एकटाच खोलीत ओरडलो आणि आई धावत आली, शॉक बसला का म्हणून. पण सगळ्या कॉप्यांत ह्या पिना आतनं जोडलेल्या नसतात हे ध्यानात ठेवा. काहीत नुसता पोर्ट, मागं बोर्डावर कायच न्हाई.

चौथा भिडू, नागपूर

आमच्याकडं नव्हता. दोन रिमोट, सहा पोट्टे. मरला की उठ. माझा मोठा भाऊ कधी मरतच नव्हता, कारण मरायच्या आधी रिसेट दाबत होता. संपला अनुभव.

धागाकर्ता

@चौथा भिडू, रिसेट दाबणाऱ्या मोठ्या भावांसाठी वेगळा धागा काढावा लागेल 😄

जपानातली जोशीणबाई

मी टोकियोत आहे, नवऱ्याला हा नाद, मी आधी हसायचे आणि आता मीच दुकानात जास्त वेळ काढते. इथं जुन्या सामानाच्या दुकानांत "जंक" लिहिलेल्या टोपल्या असतात, वायरींचा गुंता नुसता, त्यात हात घालून उपसायचं. चालेल न चालेल, आपल्या जबाबदारीवर.

पहिला घेतला तो पीसी इंजिनचा. हे कन्सोल १९८७ चं, आणि त्याला पोर्ट एकच! म्हणजे दोघांना खेळायचं तरी मल्टीटॅप विकत घ्या. मला हे अजून पटत नाही, एवढं देखणं छोटंसं यंत्र करायचं आणि दुसऱ्या पोर्टसाठी वेगळे पैसे मागायचे. पण एकदा घेतला की थेट पाच जणांची सोय, आणि १९९० चा बॉम्बरमॅन, म्हणजे बॉम्ब ठेवून एकमेकांना उडवायचा गेम, पाच जण खेळतात. मग सुपर फॅमिकॉमचा (बाहेर ह्यालाच सुपर निन्टेन्डो म्हणतात) सुपर मल्टीटॅप मिळाला, तो हडसनचा, बॉम्बरमॅन काढणारी कंपनी तीच. त्यांना गिऱ्हाइकाची नस बरोबर सापडलेली, गेमसाठी डबा घ्या आणि डब्यासाठी पुढचा गेम घ्या. पुढं त्यांनी सुपर मल्टीटॅप २ काढला तो तर बॉम्बरमॅनच्या डोक्याच्याच आकाराचा, आमच्या मुलीनं तो बाहुल्यांच्या शेजारी ठेवलाय.

सुपर मल्टीटॅप दुसऱ्या पोर्टात लागतो, पहिला खेळाडू कन्सोलच्या पहिल्या पोर्टातच राहतो आणि बाकीचे चार डब्यात. डब्यावर दोन आणि पाच असा स्विच असतो. तिसरा रिमोट चालत नाही म्हणून रडणाऱ्यांनी आधी तो स्विच बघायचा. उलटंही होतं, मल्टीटॅपसाठी न लिहिलेला गेम लावलात तर स्विच दोनवर आणा, नाहीतर काही गेम गडबडतात.

मागच्या दिवाळीत इथली मराठी मंडळी घरी होती, तेव्हा नवऱ्यानं सेगा सॅटर्न काढलं. सॅटर्न बॉम्बरमॅनमध्ये दोन मल्टीटॅप लावून दहा जण एकाच वेळी खेळतात. दहा! मैदान एवढं मोठं की बॉम्बरमॅन मुंगीएवढे दिसतात आणि पहिला मिनिटभर प्रत्येक जण "मी कुठला, मी कुठला" एवढंच विचारत असतो. काका लोक चकल्या खाऊन तेलकट हातानं रिमोट धरत होते आणि नवरा एका हातात ओला टिश्यू घेऊन सगळ्यांच्या मागं फिरत होता. एक आजोबा स्वतःच्याच बॉम्बमध्ये अडकून पहिल्याच सेकंदाला गेले तरी पुढं बराच वेळ रिमोट हलवत बसले होते, त्यांना वाटलं तो निळा आपला. कुणी सांगितलं नाही.

सोल्डरवाला, इचलकरंजी

@जोशीणबाई, आजोबांचा किस्सा लै भारी. एक विचारायचं होतं, जपानी पीसी इंजिनचा मल्टीटॅप त्याच्याच अमेरिकन अवताराला, टर्बोग्राफिक्सला, बसतो का हो?

जपानातली जोशीणबाई

नाही हो, जपानी प्लग छोटा, अमेरिकन मोठा. मधे आणखी एक अडॅप्टर लागतो. म्हणजे अडॅप्टरला अडॅप्टर.

दुपारचा चहा, कॉव्हेन्ट्री

मी इथं इंग्लंडमध्ये बारा गावचं पाणी प्यायलेली सेगाची मेगा ड्राइव्ह वापरते, तर सेगाच्या बाजूनं कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. सेगावर नुसता सावळा गोंधळ. सेगाचा स्वतःचा टीम प्लेअर, आणि ईए ह्या गेम कंपनीनं त्यांच्या खेळांच्या गेमसाठी काढलेला फोर वे प्ले, दोघांची पद्धत वेगळी. एकासाठी लिहिलेला गेम दुसऱ्यावर चालेलच असं नाही. विकत घेताना कॅसेटच्या खोक्याच्या मागं कुठलं चित्र आहे ते वाचूनच घ्यायचं.

पण ह्या सगळ्या भानगडीवर सगळ्यात हुशार उपाय काढला तो कोडमास्टर्स ह्या गेम कंपनीनं, आणि ते इथलेच, वॉरिकशायरमधल्या साउदमचे, माझ्या घरापासून फार लांब नाही, म्हणून मला उगीचच अभिमान. त्यांनी अडॅप्टर विकलाच नाही, कॅसेटमध्येच दोन पोर्ट बसवले. जे-कार्ट म्हणतात त्याला. कन्सोलचे दोन आणि कॅसेटच्या डोक्यावर दोन, झाले चार. १९९४ चा मायक्रो मशीन्स टू असाच आहे, स्वयंपाकाच्या टेबलावर, बाथरूममध्ये पळणाऱ्या इवल्या गाड्या.

आणि पुढची कमाल ऐका, त्यात एक रिमोट दोघांनी वापरायची सोय आहे! एकानं बाणांनी गाडी चालवायची, दुसऱ्यानं बटनांनी, गॅस आपोआप. चार रिमोटवर आठ जण. मी आणि माझी जाऊ एका रिमोटवर, तिचं कोपर माझ्या बरगडीत, आणि वळण आलं की दोघी रिमोट आपापल्या दिशेला ओढणार. गाडी तर पडतेच टेबलाखाली, पण एवढ्या जवळ बसून आम्ही दोघी त्याआधी कधी हसलो नव्हतो.

प्रिंटर काढला, म्युनिक

कन्सोल नाही पण अमिगा, म्हणजे जुना घरगुती कॉम्प्युटर, चालेल ना? इथं जर्मनीत अमिगाप्रेमी अजून ढिगानं आहेत. अमिगाला जॉयस्टिकचे पोर्ट दोन, पण मागं प्रिंटरचा पॅरलल पोर्ट असतो, त्याच्या आठ डेटा लाइन म्हणजे चार दिशा गुणिले दोन जॉयस्टिक, हिशोब चोख. फायरचं बटन दुसऱ्या लाइनवर. आत एकही चिप नाही, पंचवीस पिनांचा प्लग आणि दोन नऊ पिनांचे सॉकेट, बाकी वायर. डायना ब्लास्टर, म्हणजे पुन्हा बॉम्बरमॅनच, आणि किक ऑफ टू ह्यावर चालतात. फक्त मशीन चालू असताना कधीही लावू-काढू नका, पोर्टामागची चिप उडते आणि ती आता सहज मिळत नाही. ऑफिसातला एक जर्मन सहकारी ह्या बाबतीत इतका काटेकोर की आधी भिंतीतला प्लग काढतो, मग जेवतो, मग अडॅप्टर लावतो.

रात्रीचा गोलकीपर, पुणे

पीएसटूचं, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन टूचं, कुणी लिहीना म्हणून मीच. आमच्या भागात गेम पार्लर होतं, तासावर पैसे, दोन रिमोट, हरेल तो उठेल आणि जिंकेल तो दादागिरी करेल. पार्लरवाल्याला मल्टीटॅप आण म्हणलं तर म्हणायचा चार जण एका तासाच्या पैशात खेळणार, माझा काय फायदा. धंद्याच्या बाजूनं बरोबरच होतं त्याचं.

नंतर नोकरी लागल्यावर फ्लॅटवर आम्ही चौघं, आणि माझी पीएसटू बारकी स्लिम. मित्रानं बाहेरून मल्टीटॅप आणला, एवढ्या आशेनं खोका उघडला, आणि तो निघाला जाड्या पीएसटूचा, एससीपीएच-१००९०. स्लिमला लागतो ७०१२०. प्लग रिमोटच्या आणि मेमरी कार्डच्या दोन्ही पोर्टात एकदम जातो आणि दोन मॉडेलांत त्यांची जागा जुळत नाही, त्यामुळं घासून, दाबून, देवाचं नाव घेऊन काहीही केलं तरी बसत नाही. आणि पीएसवनचा मल्टीटॅप पीएसटूच्या गेमला चालत नाही हे तिसरं लफडं. शेवटी आम्ही मल्टीटॅप बदलला नाही, जुनी जाडी पीएसटू सेकंडहँड घेतली, तीच स्वस्तात पडली. मग फुटबॉलला दोन विरुद्ध दोन. एकाच टीममध्ये असलो की खरी अक्कल कळते, मी पास मागतोय, मागतोय, आणि पार्टनर हाफलाइनवरून शूट करतोय.

एन चौसष्ट झिंदाबाद

एवढे डबे, स्विच आणि वायरी कशाला? निन्टेन्डो ६४ घ्या, १९९६ पासून चार पोर्ट पुढंच आहेत. विषय कट.

दुपारचा चहा, कॉव्हेन्ट्री

@एन चौसष्ट, चार पोर्ट आहेत, पण चार जणांत पडद्याचे चार तुकडे होतात आणि आपल्या वाट्याला आलेल्या तुकड्यात काय दिसतं ते सांगा. बॉम्बरमॅनला एकच पडदा सगळ्यांना पुरतो.

एन चौसष्ट झिंदाबाद

शेजारच्या तुकड्यात बघून दुसरा कुठं लपलाय ते दिसतं की. तीच तर मजा.

वायर नको, ठाणे

आत्ताच्या लोकांसाठी लिहितो. जुने रिमोट खराब झालेत, जुने मल्टीटॅप महाग मिळतात, तर ब्लूरेट्रो म्हणून एक ओपन सोर्स काम आहे, ईएसपी३२ ह्या स्वस्त चिपवर चालतं. हल्लीचे ब्लूटूथ रिमोट ती जुन्या कन्सोलला त्यांच्या भाषेत समजावून देते आणि मल्टीटॅपचं सोंगही घेते, म्हणजे एकाच डोंगलवर सुपर निन्टेन्डोला चारपाच खेळाडू. माझा भाचा आणि त्याची गँग ह्यावर खेळते. त्यांना वायर नसल्यानं एक नवाच त्रास झालाय, कुठला रिमोट कितवा हे कुणालाच माहीत नसतं, मी प्रत्येकावर रंगीत टिकल्या चिकटवल्यात. आणि चार्जिंग! ऐन फायनलला एकाचा बॉम्बरमॅन उभाच राहतो.

@रात्रीचा गोलकीपर, तो स्लिमचा ७०१२० अजून हवाय का? माझ्या ओळखीत एकाकडं पडून आहे, स्लिम विकली आणि हा राहिला. घोडबंदरवरून घेऊन जावा लागेल.

रात्रीचा गोलकीपर, पुणे

हवाय! स्लिम अजून आहे कपाटात. रविवारी येतो, तुम्ही फक्त प्लगचा फोटो टाका आधी, ह्या वेळी नंबर वाचूनच घेणार.