लोखंड असताना पॅलॅडियम कशाला?

फॉर्मिक आम्लातून हायड्रोजन काढायला उत्प्रेरक (क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) म्हणून लोखंड चालतं, मग पॅलॅडियम-रुथेनियमसारख्या महाग धातूंच्या नादी कशाला लागायचं, असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे, पण हे लोखंड म्हणजे भंगारातला चुरा नव्हे. 2011 साली जर्मनीतल्या रोस्टॉकचे रसायनशास्त्रज्ञ मात्थियास बेलर आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे गाबोर लॉरेन्झी यांच्या गटांनी वापरलं ते लोखंडाचं संयुग, चार फॉस्फरस अणू असलेल्या लिगंडने, म्हणजे धातूच्या अणूला जोडल्या जाणाऱ्या रेणूने, धरून ठेवलेलं. 80 अंश सेल्सियसला, प्रोपिलीन कार्बोनेट या द्रावकात, वेगळा अल्कली न घालता ते चाललं. पण धातू स्वस्त आणि लिगंड महाग, अशी गत आहे.

खरी गोम वेगळीच. हे आम्ल दोन वाटांनी फुटतं. एका वाटेने हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, दुसरीने पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड. ही दुसरी वाट थोडी जरी उघडी राहिली तरी मोनॉक्साइड पॅलॅडियमच्या पृष्ठभागावर ठाण मांडतो आणि उत्प्रेरक मंदावतो. पुढे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधन घटातल्या प्लॅटिनमचंही तेच होतं. म्हणून मला वेगाच्या आकड्यांपेक्षा आधी वायूतला मोनॉक्साइड किती, ते बघावंसं वाटतं. वेगाचे आकडे सगळेच मिरवतात!

बाकी, टाकीत हे आम्ल भरून त्यातल्या हायड्रोजनवर गाडी चालवायच्या कल्पनेबद्दल: एका लिटर आम्लात हायड्रोजन साधारण 53 ग्रॅम. म्हणजे किलोभर हायड्रोजनला जवळपास 19 लिटर आम्ल, आणि सोबत 22 किलो कार्बन डायऑक्साइड. आम्ल मुळात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून केलं असेल तर हिशोब जुळतो, पण आज ते बहुतेक कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉल वापरूनच बनतं.